फूल पडू द्यायचं नाही

सोमवार, १२ ऑगस्ट

सूनबाईने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, जेवताना काळज्या सांगत जाऊ नका. कोणाच्याच गळ्याखाली घास उतरत नाही. इथे लिहा."

बायको लगेच म्हणाली, "एक वही पुरायची नाही गं."

मी सातवीपर्यंत शिकलो. पुढे जन्मभर लॉन्ड्री चालवली. तिथे लिहायचं म्हणजे कॉलरच्या आत खूण करायची, तेवढंच. आता लिहितो आहे तेही डाव्या हाताने. मे महिन्यात तापलेली इस्त्री उजव्या हातातून निसटली, तेव्हापासून हा हात रुसला आहे. जीव आहे, पण ऐकत नाही; शर्टाची बटणंसुद्धा बायकोच लावून देते. डॉक्टरीणबाईंनी दाबत बसायला रबरी चेंडू दिला होता, तो मी कपाटाखाली ढकलला. या वयात चेंडू खेळत बसू की काय?

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून थोडक्यात आवरतो. गॅसचा वास येतो आहे असं वाटतं. ही म्हणते, येत नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट

केस कापायला गेलो होतो. न्हाव्याने विचारलं, "सूनबाई नोकरीला लागल्या म्हणे. काय शिकवतात?"

मी म्हणालो, "शाळेत असते."

"ते कळलं हो. गणित की भाषा?"

"शाळेत असते," मी पुन्हा म्हणालो आणि डोळे मिटून घेतले. न्हाव्यापुढे डोळे मिटले की बोलावं लागत नाही.

ती खेळ शिकवते. गळ्यात शिटी अडकवून सकाळी घराबाहेर पडते. चार लोकांत हे कसं सांगायचं? लोक म्हणतील, पोरं तर आपलीआपणच खेळतात, त्यात शिकवायचं काय? खरं तर मलाही तेच वाटतं. नोकरीही एका वर्षाच्या बोलीवर. मुलगा मालट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. लॉन्ड्री बंद. सगळं त्या शिटीवर आहे.

मंगळवार, २० ऑगस्ट

आज तीनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आलो.

सूनबाईच्या शाळेत मोठा हॉल आहे, बॅडमिंटनचा. आधीचे सर आठ पोरं निवडायचे, त्यांनाच खेळवायचे, करंडक आणायचे. बाकीचा वर्ग भिंतीला टेकून बसायचा आणि टाळ्या वाजवायचा. सूनबाईने पहिल्याच आठवड्यात भिंतीला टेकलेल्या सगळ्यांना उठवलं. त्यावरून शाळेच्या कमिटीत कुरबूर झाली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिला म्हणाल्या, "सगळ्यांना शिकवून काय होणार आहे, ते दाखवा तरी."

सूनबाई म्हणाली, दाखवते. डिसेंबरच्या संमेलनात अख्खी सहावी जाळीच्या दोन बाजूंना रांगेत उभी राहील. एकच फूल, म्हणजे ते पिसांचं शटल. पहिल्याने मारायचं आणि पळत रांगेच्या शेवटी जायचं, समोरच्याने परत करायचं आणि त्यानेही जायचं. असं प्रत्येक पोराच्या रॅकेटवरून ते फूल जाईल आणि मध्ये कुठेही जमिनीवर पडणार नाही.

जमलं तर हॉल सगळ्यांचा आणि नोकरी कायमची. नाही जमलं तर हॉल पुन्हा त्या आठांचा, आणि सूनबाईच्या जागी दुसरं कोणी.

"आणि तू हो म्हणालीस?" मी विचारलं.

"मीच सुचवलं, बाबा."

पस्तीस पोरं! आमच्या लॉन्ड्रीत दोन पोरं कामाला होती, त्यांच्या हातून दिवसाला एक तरी शर्ट जमिनीवर पडायचा.

शनिवार, २४ ऑगस्ट

सूनबाईला घरी सराव करायला कोणी नाही. म्हणून तिने मला विचारलं. "बाबा, अजिबात न खेळलेला माणूस हवा आहे मला. तुमच्यावर धडा करून बघते, मग वर्गात घेते." मी म्हटलं, तुझ्या नोकरीसाठी एवढं करायलाच पाहिजे.

तिने खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत सुतळी बांधली. एक फुगा फुगवला. सुतळीवरून तो हाताने पलीकडे ढकलायचा, पडू द्यायचा नाही.

मी डावा हात पुढे केला. ती म्हणाली, "उजवा, बाबा. वर्गातली पोरं उजव्यानेच खेळतात. मला तसंच बघायला हवं." मी म्हणालो, हा हात चालत नाही. ती म्हणाली, "फुग्याला कुठे घाई आहे?"

उजव्या हाताने दोनदा लागला. बाकी वेळ फुगा माझ्या डोक्यावर. ही दारात उभी राहून पदराआड हसत होती. फुगा फुटला तर काच डोळ्यात जाईल का, हे विचारायचं राहिलं. फुग्यात काच नसते, हे आता लक्षात आलं.

सोमवार, २ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो, ते लिहायचं राहिलं. सूनबाई मला बाहेर बसवून त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती. दोघी हसत होत्या. डॉक्टरीणबाईंची मुलगी याच शाळेत असावी, त्याबद्दल बोलणं चाललं असेल. माझा हात बघितला, काही नवीन औषध दिलं नाही. म्हणजे आता औषधाचा उपयोग नाही, असं तर नसेल?

बुधवार, ११ सप्टेंबर

फुगा संपला. आता खरं फूल आणि हातात रॅकेट. रॅकेट कशी धरायची तर कोणाशी हात मिळवतो तशी. फार आवळायची नाही. सूनबाई म्हणाली, "पाखरू धरल्यासारखी. उडूनही जायला नको, गुदमरायलाही नको." मी इस्त्रीची मूठ धरायचो तशी धरली होती. आख्खं आयुष्य आवळून धरण्यात गेलं, आता सैल धर म्हणे.

आज हीसुद्धा उतरली मैदानात. म्हणजे स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्ही दोघं समोरासमोर. तिने पहिलाच फटका असा मारला की फूल माझ्या कानाजवळून जाऊन कपाटावर पडलं.

"आई," सूनबाई म्हणाली, "बाबांना परत करता येईल असं द्या ना."

"चाळीस वर्षांत कधी दिलं नाही, आता काय देणार," असं मी म्हणालो.

"ऐकलंस? पाहिलंस ना कोण मारतं ते!" ही म्हणाली.

सूनबाईने दोघांनाही दम दिला. मग आमचं एकदा चारदा गेलं-आलं. गेलं-आलं होत असताना बोलायचं सुचत नाही. घर इतकं शांत झालं की शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

मी सूनबाईची नोकरी घालवली.

हॉलमध्ये जाळी एकच आहे, तीही फाटकी. एका जाळीवर पस्तीस पोरं कशी खेळणार? म्हणून ती म्हणाली, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब दोरी बांधू, म्हणजे सगळे एकदम खेळतील. दोरी बांधायचं काम मी मागून घेतलं. तेवढं एक मला येतं. लॉन्ड्रीतली जुनी दोरी काढली, तिला जुन्या चादरींच्या पट्ट्या शिवून लावल्या, म्हणजे पोरांना लांबून दिसेल. शिवण हिने घातली. सकाळी शिपायाला शिडी धरायला लावून बांधून टाकली. घट्ट, पीळ देऊन, मधे झोळ पडू न देता. मागे सरून पाहिलं. मनात म्हणालो, वा!

सूनबाई आली आणि नुसती बघतच राहिली. दोरी तिच्या डोक्याच्याही वर हातभर. मी सवयीने ओल्या चादरींसाठी बांधतात तेवढी उंच बांधली होती. चादर जमिनीला लागता कामा नये, हे हातांना पाठ. जाळी किती उंच असते हे मी विचारलंच नव्हतं. शिडी शिपाई घेऊन गेला होता, आणि पोरं दारात उभी.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. बस, एवढंच. मी मागच्या दाराने घरी आलो. संध्याकाळी ती आली की काय तोंड दाखवू?

शनिवार, २८ सप्टेंबर

काल रात्री तिने जेवताना सांगितलं ते मला धड समजलेलं नाही, पण लिहून ठेवतो.

ती घरी आली ती हसतच. "बाबा, दोरी तशीच ठेवायची. हात लावू नका तिला."

मला वाटलं, माझी समजूत घालते आहे. पण तिने ताट बाजूला सरकवून पाण्याचा पेला आणि चमचा घेऊन दाखवलं. दोरी नेहमीएवढी असली की पोरं फूल आडवं झोडतात. ते झपकन येतं, समोरच्याचे पाय हलायच्या आत पडतं. दोरी उंच असली की फूल वर उचलावंच लागतं. वर गेलेलं फूल खाली यायला वेळ घेतं. तेवढ्या वेळात सगळ्यात सावकाश पोराचे पायही त्याच्याखाली पोचतात. "दोन महिने मी ओरडते आहे, उचला, उचला! कोणी ऐकत नव्हतं. आज दोरीने सांगितलं."

ही म्हणाली, "म्हणजे यांनी बरोबर केलं?"

"चुकूनच केलं," मी घाईघाईने म्हणालो. उद्या काही बिनसलं तर माझ्या नावावर नको.

"चूक तुमची, बाबा. पण उपयोग माझा," सूनबाई म्हणाली आणि ताट पुढे ओढलं.

हे तिला पाहताक्षणी कळलं असणार. मी तर मागच्या दाराने पळालो होतो. पोरीचं डोकं चालतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

दोरी तपासायला म्हणून आता रोज शाळेत जातो. झोळ पडला तर कोण बघणार?

पोरांना एक घोष शिकवला आहे. फटका मारताना "उचल!", आणि मारून झालं की "परत ये!" म्हणजे मारून बघत उभं राहायचं नाही, आपल्या जागेवर परत यायचं, गुडघे जरा वाकवून. हॉलभर हे दोन शब्द घुमत असतात. मी घरी हिला कुकर उतरवताना "परत ये" म्हणालो, तर तिने माझ्याकडे पाहिलंच तसं.

एका मुलीला सगळे तोफ म्हणतात. त्या निवडक आठांतली पहिली. वडील कमिटीवर. तिला फूल दिसलं की ते खाली मारल्याशिवाय राहवत नाही. फटका काय बसतो! पण तिच्यासमोर उभं राहायला कोणी तयार नाही. आज सूनबाईने तिला सांगितलं, "तुझा गुण तू मारलेल्यावर नाही. समोरच्याने परत केलेल्यावर."

"बाई, मग जिंकायचं कसं?"

"समोर आजोबांना घे. त्यांच्याकडून जितके परत येतील तितके तुझे."

"ते म्हातारे आहेत!"

"म्हणूनच."

मला कोणी विचारलं नाही. पहिलं फूल माझ्या शर्टाच्या बटणावर बसलं. दुसरं चष्म्यावर. तोफ "सॉरी आजोबा" म्हणाली, पण खांदे हलत होते. चष्म्याची काडी वाकली आहे. सूनबाईला सांगितलेलं नाही. तिच्यामागे आधीच कमी व्याप आहेत का?

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तोफ आज म्हणाली, "आजोबा, तुमचा डावा पाय उशिरा निघतो. मी जरा उंच देते."

उंच दिलं. पोचलो. परत केलं. मग तिने परत, मग मी. किती झाले ते मी मोजले नाहीत, ती मोजत होती, कारण गुण तिचे. शेवटी माझा दम संपला, तिचा नाही. ती धावत सूनबाईकडे गेली आणि ओरडून आकडा सांगितला, करंडक मिळाल्यासारखा.

मला हल्ली एक गोष्ट दिसते. आधी ही पोरगी फक्त फुलाकडे बघायची. आता मारायच्या आधी माझ्या पायांकडे बघते. हे सूनबाईने तिला एकदाही सांगितलं नाही. मी रोज तिथे असतो, मला माहीत आहे. फक्त माझ्यासमोर उभं केलं. खेळ शिकवण्यात शिकवायचं काय, असं मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. ते खोडत नाही, पण आता तसं वाटत नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सकाळी घाईत होतो. शर्टाची बटणं लावून बाहेर आलो तर ही नुसती बघत राहिली.

"काय झालं? खालीवर लागली का?"

"नाही. बरोबर लागली आहेत."

"मग बघतेस काय?"

"काही नाही. जा, उशीर होईल."

आरशात जाऊन पुन्हा तपासलं. सगळी जिथल्या तिथे होती. तिची तब्येत बरी नसावी. संध्याकाळी तिने न मागता चहा दिला, त्यामुळे काळजी वाढली.

शनिवार, ३० नोव्हेंबर

पोरांची रंगीत तालीम. एकदाही पूर्ण झाली नाही. कधी दहाव्यावर पडतं, कधी विसाव्यावर. एकाचं पडलं की बाकीचे त्याच्यावर ओरडतात आणि पुढच्या वेळी तो घाबरून आधीच पाडतो. घाबरून पाडणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको.

संध्याकाळी सूनबाई स्वयंपाकघरात हिच्याशी हळू बोलत होती. "आई, नाही जमलं तर?"

मी बाहेर पेपर धरून बसलो होतो. या घरात काळजी करायचं काम माझं. ती कधी करत नाही म्हणून तर मी निर्धास्तपणे करतो. तीच करायला लागली तर मी काय करू?

जेवताना मी एकही काळजी बोलून दाखवली नाही. ताटावरून उठताना एवढंच म्हणालो, "पोरांना सांग, फूल पडलं तर ओरडायचं नाही. उचलून पुढच्याच्या हातात द्यायचं. मी पाडतो तेव्हा तू तसंच करतेस."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हे मी वर्गात कधी सांगितलंच नाही."

ही म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत नाही का?"

शनिवार, १४ डिसेंबर

आज सगळं नीट लिहायचं आहे.

हॉल खुर्च्यांनी भरला होता. पुढे मोठ्या बाई आणि कमिटी. तोफेचे वडील दोरीकडे बघून मोठ्याने म्हणाले, "हे काय, धुणं वाळत घालायचं आहे की काय?" खुर्च्यांत हशा पिकला. मी कोपऱ्यात जादा फुलांचा डबा धरून उभा होतो. वाटलं, डब्यात शिरावं.

सूनबाई म्हणाली, "दोरी धुण्याचीच आहे, साहेब. माझ्या सासऱ्यांनी बांधली आहे." आवाजात जराही संकोच नाही. जसं म्हणावं, हे घड्याळ अमुक कारखान्यात झालं आहे.

मोठ्या बाईंनी तीन संधी दिल्या होत्या. पहिल्या खेपेला फूल अर्ध्यावर जाऊन एका मुलाच्या रॅकेटच्या दांड्याला लागलं आणि पडलं. कोणी ओरडलं नाही. पुढच्याने फूल उचललं आणि त्याच्या हातात दिलं. सूनबाई म्हणाली, "चला, पुन्हा."

दुसऱ्या खेपेला बरंच पुढे गेलं. "उचल! परत ये!" हॉल दणाणत होता. तोफेची पाळी आली. तिच्याकडे फूल छान उंच आलं, आणि खुर्चीतून तिचे वडील ओरडले, "मार!"

तिने मारलं. हात तिचा, पण सवय त्यांची. समोरचा मुलगा झेपावला, त्याचा पाय मुरगळला, फूल त्याच्या पुढ्यात आपटलं. आणि वडिलांनी टाळी वाजवली. त्यांची एकट्याची टाळी. तोफेचा चेहरा पांढरा पडला होता.

मुलाला बाकावर बसवलं, पायावर ओला रुमाल ठेवला. एकच संधी उरली. मग वडील म्हणाले, "आता तर एक मूल कमी. मग सगळा वर्ग कुठे झाला? थांबवा की." मोठ्या बाईंनी सूनबाईकडे पाहिलं.

सूनबाई म्हणाली, "त्याच्या जागी आणखी एक विद्यार्थी आहे माझा. ऑगस्टपासून शिकतो आहे."

"कोण?"

"बाबा, या."

माझी पाचावर धारण बसली. डबा कोणाच्या हातात दिला आठवत नाही. बाकावरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, माझी घ्या," आणि आपली रॅकेट पुढे केली. मी त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. समोर दोरीपलीकडे, रांगेत मागे, तोफ. म्हणजे तिचं फूल माझ्याकडे येणार. आजूबाजूला सगळे माझ्या कमरेएवढे. मला दिसत होतं ते असं: फूल माझ्यापाशी पडलं, नोकरी गेली, मुलगा ट्रकवरून आला, त्याने विचारलं कोणी पाडलं.

सुरू झालं. उचल, परत ये. उचल, परत ये. रांग पुढे सरकत होती आणि मी तिच्याबरोबर. सावकाश पोरं, जाडी पोरं, एक मुलगी डोळे मिटून मारते तीसुद्धा, सगळ्यांचं वर जात होतं. सूनबाई येण्याआधी यांतली बहुतेक भिंतीला टेकून बसायची.

तोफेसमोर फूल आलं. वडील पुन्हा ओरडले, "मार!"

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं. आणि फूल वर दिलं. किती वर! दिव्यांपर्यंत. ते वर जाऊन थांबल्यासारखं झालं, आणि मग इतकं सावकाश खाली यायला लागलं की मला सगळं करता आलं. पाय उचलला. खाली पोचलो. मूठ सैल केली. रॅकेटला टप् असा आवाज आला आणि फूल आमच्या चादरीच्या पट्ट्यांवरून पलीकडे गेलं.

ते जाताना मी बघत उभा राहिलो. तेवढी एकच गोष्ट करायची नसते. मागच्या मुलाने मला कमरेत ढोसलं, "आजोबा, जागा सोडा!" मी पळालो. खरंच पळालो.

शेवटच्या मुलीने फूल परत केलं, आणि समोरच्या रांगेतल्या पहिल्या मुलाने ते हातात झेललं. क्षणभर कोणालाच समजलं नाही की झालं. मग जे झालं त्याने दोरीसुद्धा हलली. आधी पोरं नाचली, मग खुर्च्या सरकल्या, लोक उभे राहिले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझ्या फटक्यामुळे नाही. सूनबाई त्या गोंधळात बाकावरच्या मुलाजवळ गुडघ्यावर बसून त्याला काहीतरी सांगत होती, तिच्याकडे बघून.

मोठ्या बाई तिच्यापाशी आल्या. म्हणाल्या, "जूनपासून पाचवीचेही तास लावा. हॉल सगळ्यांचा. आणि बाई, पुढच्या वर्षीचं काय करू म्हणून आता विचारायला येऊ नका. तुम्ही इथेच."

मी अगदी जवळ होतो. मी ऐकलं.

दाराशी तोफेचे वडील तिला विचारत होते, "इतकं सोपं फूल होतं, मारलं का नाहीस?"

ती म्हणाली, "मग ते परत कसं आलं असतं?"

तिची पिशवी त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली.

बाहेर पडताना एका बाईंनी मला विचारलं, "त्या शिटीवाल्या बाई कोण हो?"

"माझी सून," मी म्हणालो. "खेळ शिकवते." लॉन्ड्रीत गिऱ्हाइकाला हाक मारायचो त्या आवाजात. आणखी कोणी विचारतं का म्हणून जिन्यापाशी जरा रेंगाळलो.

रविवार, १५ डिसेंबर

केस वाढलेले नव्हते, तरी न्हाव्याकडे गेलो. आज डोळे मिटले नाहीत. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, दोरीसकट, आणि सैल मूठ कशी धरायची ते त्याच्या कंगव्यावर दाखवलं. तो म्हणाला, "काका, मान हलवू नका, कान जाईल." रांगेत बसलेल्यांनी पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या खेपेला तोफेने दिलेलं फूल थोडं आणखी वर गेलं असेल.

घरी येऊन लिहायला बसलो. ही चहा घेऊन आली आणि पेला हातात धरून तशीच उभी राहिली.

"अहो, कोणत्या हाताने लिहिताय?"

मी पाहिलं. पेन उजव्या हातात होतं. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. कोणी विचारलंच नव्हतं.

सूनबाईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अरे वा. बघू," आणि हात उलटासुलटा करून पाहिला. तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. एवढ्या पोरांकडून एवढं करून घेतलेल्या बाईला माझ्या हाताचं काय आश्चर्य वाटणार? सासूसुनांनी मात्र एकमेकींकडे पाहिलं. तिला जाताना सांगितलं, सुतळी सोडू नकोस, पाचवीचे धडेही बघायला लागतील, मी आहे.

ती म्हणाली, "तुम्ही तर हवेच, बाबा."

त्या दोघी आत गेल्यावर सहज पेन डाव्या हातात घेऊन पाहिलं. एक ओळसुद्धा धड येत नाही. आठ दिवसांपूर्वीपर्यंत येत असेल, निदान ऑगस्टमध्ये तरी येतच होती. आता डाव्या हाताला काय झालं? डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.